पडद्याचं दुसरं काम

(डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. कोजागिरीच्या रात्री झोपेवर व्याख्यान ठेवायचं ज्याच्या डोक्यात आलं त्याला मानलं पाहिजे. समोर निम्मे लोक शुगरवाले, आणि मागे पातेल्यात काय उकळतंय त्याचा वास मला माइकपर्यंत येतोय. असो. कोणाला शुगर आहे ते हात वर करून सांगू नका, मी डोळ्यांचा डॉक्टर आहे, मला आत डोकावलं की कळतं.

तर डायबेटिक रेटिनोपथी म्हणजे शुगरने डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, खराब होणं, हे तुम्हाला सांगायला नको, तुमच्यात लेसर झालेले आहेत, डोळ्यात इंजेक्शनं चालू असलेले आहेत, पडद्याला सूज हा शब्द तर घराघरात पोचलाय. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो, दिसेल किती, पेपर वाचता येईल ना, गाडी चालवू का. झोप कशी लागते हे मीच विचारतो, आणि उत्तर ठरलेलं, "अहो डॉक्टर, आता वय झालं." वय झालं म्हटलं की विषय संपतो, तो मला आज संपवू द्यायचा नाहीये.

पडद्याला दोन कामं असतात. एक बघण्याचं. दुसरं म्हणजे बाहेर दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचं. 2002 साली अमेरिकेत ब्राउन युनिव्हर्सिटीत डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पडद्यातल्या काही मोजक्या पेशी स्वतःच उजेड ओळखतात, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, निळसर उजेडाला त्या जास्त जागतात, आणि त्यांची वायर थेट मेंदूतल्या घड्याळाशी जोडलेली असते. ते घड्याळ मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं हार्मोन, कधी सोडायचं ते ठरवतं. गंमत म्हणजे त्याच्याही आधी, 1995 साली, अजिबात काही न दिसणाऱ्या काही अंध माणसांच्या डोळ्यावर प्रखर उजेड टाकला तर त्यांचं मेलाटोनिन खाली गेलं होतं. म्हणजे दिसत नव्हतं, पण डोळा ड्युटीवर होता. आता डायबेटिसमध्ये पडदा खराब होतो तेव्हा या पेशींनाही मार बसतो. रेटिनोपथीवाल्यांमध्ये रात्रीचं मेलाटोनिन कमी आणि झोप तुटक, असं अभ्यासांमध्ये दिसलंय. आधीच निरोप क्षीण झालाय, त्यात आपण दिवसभर घरात बसणार आणि रात्री लख्ख उजेडात, मग घड्याळाने समजायचं काय?

आणि आता माझ्या दुखऱ्या नसेवर येतो. आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी चोर येतात म्हणून गेटवर हॅलोजन लावला. हॅलोजन आपण म्हणतो, असतो एलईडीच, पांढराफटक, क्रिकेटची मॅच होईल असा. त्याचं तोंड गेटकडे असायला हवं, तर ते आमच्या बेडरूमकडे. मी अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले, पडदा लावा. मी म्हटलं, पडद्यांवरच माझं पोट चालतं, पण तुमचा दिवा खाली वळवायला स्क्रूड्रायव्हर लागतो एक. मग मीटिंग. मीटिंगमध्ये एक जण म्हणाले, सिक्युरिटीशी तडजोड नाही, दुसरे म्हणाले, डॉक्टरांना उजेडाचा त्रास म्हणजे कमालच आहे, तिसऱ्यांनी पार्किंगचा विषय काढला आणि तास गेला. पहिल्या मजल्यावरचे आजोबा, दोन्ही डोळ्यांना लेसर झालेले, त्या उजेडात रात्रभर जागे, पहाटे डोळा लागतो ते दहाला उठतात, म्हणजे सकाळचा खरा उजेड बुडाला, दुपारी परत डुलकी, रात्री परत टक्क. आणि चोर? वॉचमन त्या दिव्याखाली खुर्ची टाकून गाढ झोपतो. त्या सोसायटीत रात्री झोपणारा तो एकटाच.

चिठ्ठी आली बघा. "दहा मिनिटं, दूध तयार आहे." म्हणजे तीन गोष्टी सांगणार होतो त्या आता विरारची फास्ट पकडल्यासारख्या.

सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी बाहेर. ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड हजारो लक्स असतो, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, आपल्या हॉलमधल्या ट्यूबलाइटचा दोन-तीनशे. सूर्याकडे बघायचं नाही हां, नुसतं उजेडात चालायचं. मोतीबिंदू पिकलेला असेल तर निळा उजेड आत फारसा जात नाही, त्यामुळे ऑपरेशननंतर काहींची झोपही सुधारते. रात्री खोली काळोखी, बाथरूमच्या वाटेवर मात्र जमिनीलगत मिणमिणता पिवळा दिवा, नजर कमी असताना धडपडायला नको. दिवा लावून झोपलं की पडदा वाचतो असं फॉरवर्ड फिरतं, त्यामागे विचार होता, अंधारात पडदा जास्त ऑक्सिजन खातो. ब्रिटनमध्ये सूज असलेल्यांना दोन वर्षं उजेडाचे मास्क लावून झोपवलं, 2017 ला निकाल आला, फायदा शून्य.

जेवण. इथे डोंबिवलीत अडचण काय, तर मुलगा लोकलने साडेनऊला येतो, त्याच्याबरोबर जेवायचं म्हणून आई दहापर्यंत थांबते, आणि शुगरची गोळी आठलाच घेतलेली. काकू, तुम्ही जेवून घ्या, त्याच्यासमोर ताक घेऊन बसा. काही गोळ्यांनी मधल्या वेळात शुगर खाली जाते आणि रात्री घाम फुटून जाग येते. उलट शुगर चढलेली असेल तर लघवीला चार वेळा उठाल. म्हणून झोपेची गोळी मागण्याआधी शुगरचा तक्ता डॉक्टरांना दाखवा. पण ती एकदम झपाट्याने खाली आणायच्या भानगडीत पडू नका, रेटिनोपथी तात्पुरती बिघडू शकते, आधी पडदा तपासून घ्या.

आणि शेवटचं, घोरणं. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर रात्रभर ऑक्सिजन खाली-वर होतो, आणि पडद्याला ऑक्सिजन प्रचंड लागतो. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, आणि तो असणाऱ्यांमध्ये पडद्याचे त्रास जास्त दिसतात. स्वतःला हे कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं, तेव्हा आज घरी गेल्यावर त्यांना मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा. फक्त ते रेकॉर्डिंग मला व्हॉट्सअ‍ॅप करू नका, तुमच्या फिजिशियनना ऐकवा.