मनगटातले सागरगोटे

(दृश्य: वसतिगृहाची खोली. टेबलावर हाडांचा संच, शेजारी निवत चाललेला चहा.)

एमबीबीएसचं पहिलं वर्ष. मांडीचं हाड, दंडाचं हाड नजरेला लगेच ओळखू येतं. मग ओंजळीत पडतात सागरगोट्यांएवढी आठ हाडं, आणि भलेभले अडखळतात.

एका हातात हाडं 27. मनगटात 8, तळहातात 5, बोटांत 14. यातले चौदा आपण लहानपणापासून मोजत आलोय. माळ जवळ नसली की आजी अंगठा फिरवत पेरांवर जप करते. चार बोटांना तीन-तीन पेरं, अंगठ्याला दोन. प्रत्येक पेरात एक हाड.

मनगटातली आठ चार-चारच्या दोन ओळींत बसलेली असतात. अंगठ्याकडून करंगळीकडे जाताना कोपराच्या बाजूची ओळ: स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म. बोटांच्या बाजूची: ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. क्रम लक्षात ठेवायला मुलं वाक्यं रचतात. पण तोंडी परीक्षेत हातावर एखादं हाड ठेवून "कुठलं? कोणत्या बाजूचं?" असं विचारलं, की वाक्य कामाला येत नाही. ही हाडं बोटांनीच शिकावी लागतात. त्यासाठी स्वतःचं मनगट आहेच.

(दृश्य: एक विद्यार्थिनी स्वतःचं मनगट चाचपते आहे.)

मनगट सैल सोडा. करंगळीच्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे दाबून बघा. किंचित हलणारा गोल उंचवटा लागेल. तो पिसिफॉर्म. नावाचा अर्थच वाटाण्यासारखा.

आता अंगठा ताणून वर उचला. त्याच्या मुळाशी दोन कंडरांमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांमध्ये, खळगा पडतो. पूर्वी लोक चिमूटभर तपकीर इथे ठेवून ओढत, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला तपकिरीची डबी म्हणतात. या खळग्याच्या तळाशी आहे स्कॅफॉइड, म्हणजे नावेच्या आकाराचं.

दुचाकी घसरली, पाय निसटला, की माणूस तळहात टेकून सावरतो. मनगटाच्या या आठांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडतं ते हेच हाड. पहिल्या एक्स-रेत फट पुष्कळदा दिसत नाही. "मुरगळलं असेल" म्हणून घरी आंबेहळदीचा लेप लागतो आणि दिवस निघून जातात. म्हणून कळकळीने सांगते: पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी विषय संपवू नका. डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. स्कॅफॉइडला बरंचसं रक्त बोटांकडच्या टोकातून शिरून मागे जातं. मधोमध मोडलं, तर मागच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतोही.

(दृश्य: लहान मुलांच्या हातांचे एक्स-रे, वयाच्या क्रमाने.)

नवजात बाळाच्या एक्स-रेत मनगटाच्या जागी बहुधा रिकामी जागा दिसते. तिथे अजून सगळी कूर्चाच असते, म्हणजे एक्स-रेत न दिसणारं मऊ हाड. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट आणि हॅमेट उगवतात. मग वर्षांमागून वर्षं एकेक ठिपका वाढत जातो. त्यावरूनच डॉक्टर मुलाच्या हाडांचं वय ठरवतात. पाचवी-सहावीच्या आसपास, सगळ्यात शेवटी, दिसू लागतो तो वाटाणा.