मिसरीची डबी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय व्यसनाबद्दल, पण आधी माजलगावकडच्या एका तांड्यावरची गोष्ट ऐका.

माणसं नुकतीच ऊसतोडीहून परतली होती. लिंबाच्या सावलीत मी दारूवर तासभर बोललो. पुढं बसलेली एक आजी वाक्यावाक्याला मान डोलवत होती. "लई वंगाळ बघा दारू. मह्या म्हाताऱ्यानं बैलजोडी पिऊन टाकली." भाषण संपलं तशी तिनं कमरेची डबी काढली, काळी पूड बोटावर घेतली आणि हिरड्यांवरून फिरवली. शेजारच्या सात वर्षांच्या नातीनं बोट पुढं केलं. तिलाही चिमूटभर मिळाली.

"आजी, हे काय?"

"काय म्हंजी? मिसरी. दात घासाया."

भाजलेली तंबाखूच ती! मी तोटे सांगायला तोंड उघडलं, तर तांड्यातल्याच आशाताईंनी मला गप्प केलं. त्या गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलल्या. व्यसन नाही, कॅन्सर नाही. उद्याचा एक दिवस नुसत्या लिंबाच्या काडीनं दात घासशील का, एवढंच विचारलं.

आठवड्यानं गेलो, तर आजी तावातावानं सामोरी आली. डोकं ठणकलं, पोट साफ झालं नाही, सुनेला उगाच शिव्या घातल्या. दुपारी डबी उघडली तेव्हा कुठं जिवाला बरं वाटलं. "ताई, ही मिसरी नव्हं. मह्या म्हाताऱ्याची बाटलीच की!"

तर श्रोतेहो, ज्या घरात जाल त्या घराच्या बोलीत विचारा. पुन्हा सांगतो, त्या घराच्या बोलीत. तांड्यावर बंजारा संत सेवालाल महाराजांची शिकवण आहे, वारकऱ्याच्या गळ्यात माळ आहे, बौद्ध वस्तीत नशेपासून दूर राहण्याचं पाचवं शील आहे, मोहल्ल्यात नशा हराम आहे. पण मनाई कडक असली की लाजही तेवढीच. पोरगा नशेच्या 'बटन' गोळ्या खातो आणि घर दार लावून घेतं.

गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. टपरीवाला गिऱ्हाईकाचा चेहरा बघून पुडी काढतो, ते सोडा. लग्नात तंबाखूचं ताट फिरवणाऱ्या यजमानांना माझा लांबूनच दंडवत! हे मत माझं, या रेडिओ केंद्राचं नव्हे.

एक मात्र ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येऊ शकतात, डॉक्टर गाठा. मोफत सल्ल्यासाठी फोन 14446. लिहून घ्या, 14446.

आजीची डबी अजून कमरेला आहे. नात मात्र लिंबाची काडी चावत रोज विचारते, "आज किती डाव?"