कवड्यांचा लगाम

ब्रिटिश घोडदळातल्या या स्वाराकडे नीट पाहा. दोन्ही हातांत टिपऱ्या. मग लगाम कुणाच्या हातात? कुणाच्याच नाही. लगामाचे पट्टे थेट रिकिबींना बांधलेत. घोडा वळवायचा तो पायांनी. आणि घोड्याच्या दोन्ही अंगांना नगारे. हो, नगारेच. अरबी ‘नक्कारा’ मराठीत नगारा झाला आणि जुन्या इंग्रजीत ‘नेकर’.

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश रिसाल्यांत हा नगारजी मिरवणुकीचा मानकरी होता. नगाऱ्यांवर जरीकामाची झूल, आणि तिच्यावर रिसाल्यानं गाजवलेल्या लढायांची नावं. १८३४ साली हलक्या घोडदळाची निशाणं बंद झाली, तेव्हा या झुलीचा मान आणखी वाढला. तिसऱ्या हुसार्सचे (हुसार्स म्हणजे हलकं घोडदळ) नगारे मात्र उघडेच, कारण ते रुप्याचे. १७४३मध्ये डेटिंगनच्या लढाईत फ्रेंचांकडून पटकावलेल्या नगाऱ्यांची ही परंपरा. नगारजीच्या गळ्यातही रुप्याचं कडं. १७७२ साली कर्नलच्या पत्नीनं दिलेलं.

आता दहाव्या हुसार्सचा हा घोडा. तोंडावरच्या कातडी पट्ट्यांवर हे पांढरं काय चमकतंय? कवड्या! तुळजाभवानीच्या आराध्याच्या गळ्यात शोभाव्यात अशा ओळीनं गुंफलेल्या. हाच रिसाला १८४६ साली हिंदुस्थानात आला आणि आपल्या पुण्याजवळ, खडकीच्या छावणीत राहिला. त्या कवड्या पाहून खडकीच्या बाजारात कुणी हात जोडले असतील का, कोण जाणे.

पण लढाईत हे नगारे कामाचे नव्हते. तिथं लागायचा ट्रम्पेटवाला. हुकूम सुटायचा त्याच्या फुंकीतून, म्हणून धुरळ्यातही तो अधिकाऱ्याला चटकन दिसायला हवा. बाकीचे स्वार काळ्या-तांबड्या घोड्यांवर, तर हा बहुधा पांढुरक्या घोड्यावर. शतकाच्या आरंभी त्याचा कोटही उलटा असे: इतरांच्या कोटाला ज्या रंगाची कॉलर, त्या रंगाचा याचा अख्खा कोट.

अशांपैकीच एक, सतराव्या लान्सर्सचा, म्हणजे भालाईत रिसाल्याचा, मार्टिन लॅनफ्रीड. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हाला रशियन तोफांवर झालेल्या त्या कुप्रसिद्ध चढाईत होता आणि वाचला. १८९० साली, म्हातारपणी, लंडनमध्ये एडिसनच्या फोनोग्राफसमोर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रासमोर, तो उभा राहिला. हातात वॉटर्लूच्या लढाईत वाजलेला बिगुल.

मेणाच्या त्या नळकांड्यावर आधी खरखर ऐकू येते. मग तो आपलं नाव सांगतो, आणि बिगुल तोंडाला लावतो.