पान ६३, ओळ सहावी

श्रोतेहो, नमस्कार.

माझं पहिलं पुस्तक मागच्या दसऱ्याच्या तोंडावर आलं. एम्प्रेस मिलमधल्या एका कामगाराच्या घरातलं बालपण, हा त्याचा विषय. १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली ही मिल २००२ साली कायमची बंद झाली. गांधीसागरजवळ आता तिथं मॉल उभा आहे, हे नागपूरकरांना मी काय सांगावं!

हिशेब आधी सांगून टाकते. प्रती ५००, किंमत २५० रुपये, मानधन दहा टक्के. मार्चअखेर १८७ प्रती खपल्या, हाती आले ४,६७५ रुपये. त्यातल्या शंभरेक प्रती एकट्या दीक्षाभूमीवर गेल्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला माणसं भाकरी बांधून येतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं नेतात. वाचक बघायचा असेल तर तिथं बघावा. प्रकाशन समारंभाला मात्र मला चाळीस पुष्पगुच्छ मिळाले. दुसऱ्या दिवशी ते सुकले. लेखकाकडे जाताना फुलं नेऊ नका, त्याची एक प्रत विकत घ्या, एवढं माझं मनापासून सांगणं आहे.

तर दिवाळी झाल्यावर एका सकाळी दारात सायकल थांबली. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक काका तांडापेठेतून आले होते. हातात माझं पुस्तक, दीक्षाभूमीवर घेतलेलं. समासात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा. चहा नको म्हणाले. पान ६३ उघडलं, सहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, हे चुकलं."

ओळ अशी होती : 'बाबा दिवसभर साच्यावर बसे.' साचा म्हणजे मिलमधला यंत्रमाग.

"तुझा बाप साच्यावर बसत नव्हता. उभा रायत होता. आठ घंटे उभा."

मग त्यांनी आमच्या बैठकीतल्या दोन खुर्च्या ओढल्या, समोरासमोर मांडल्या आणि मधल्या फटीत उभे राहिले. हा एक साचा, हा दुसरा. इकडं धोट्यातली सुताची कांडी संपली, बदला. तोवर तिकडं तार तुटली, वळा, जोडा. पुन्हा इकडं. म्हातारं शरीर त्या दोन खुर्च्यांमध्ये गरागरा फिरत होतं, आणि बोटं हवेत अचूक गाठ मारत होती. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तिनं पदर तोंडाशी धरला.

मी 'बसे' का लिहिलं? आजोबा हातमागावर विणायचे, खड्ड्यात पाय सोडून, बसून. तेच चित्र डोक्यात. आणि बाबा? भोंगा झाला की घरी येऊन बाजेवर बसायचे, आई त्यांच्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायची. पोटऱ्यांवरच्या निळ्या, फुगलेल्या शिरा मी रोज बघितल्या. त्या कशानं आल्या, हे चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तपासून तपासून लिहिलेल्या पुस्तकात तारखा बरोबर आल्या, आणि बाप बसलेला राहिला.

काका गेल्यावर त्याच आठवड्यात मी प्रकाशकांच्या गोदामात गेले. साडेतीनशेच्या आसपास प्रती उरल्या होत्या. दोन दिवस तिथं बसून काळ्या पेनानं प्रत्येक प्रतीत तो शब्द खोडला. पान ६३, ओळ सहावी. प्रत्येक प्रतीत.

पण त्याआधी गेलेल्या प्रती तुमच्या घरी आहेत. दीक्षाभूमीवरून कोणती प्रत कुठल्या गावी गेली, मला शोधता येणार नाही. आकाशवाणी मात्र तिथंवर पोचते. तेव्हा ज्यांच्याकडे पुस्तक असेल त्यांनी आत्ता पेन्सिल घ्यावी. पुन्हा सांगते : पान ६३, ओळ सहावी. 'बसे' खोडा. तिथं लिहा, 'उभा राहे'.