पोस्टकार्डाची मागची बाजू मोकळी सोडा हो!

नमस्कार मंडळी! हातानं केलेल्या पोस्टकार्डांच्या अदलाबदलीवर बोला, मेल आर्टवर, म्हणजे टपालानं एकमेकांना पाठवायच्या कलेवर बोला, असं तुम्ही कधीपासून म्हणताय, तर आज बसलेय बोलायला. पण खरं सांगू का, कमेंट्स नीट वाचल्या तर निम्म्या लोकांना अदलाबदल कशी करायची हे विचारायचंच नाहीये. त्यांची तक्रार एकच. ‘ताई, एवढं सुंदर कार्ड केलं, टाकलं पेटीत, आणि पोचलंच नाही.’ काहींनी सोबत कार्डाचा फोटोही दिलाय. सुंदर आहेत कार्डं, वादच नाही. पण फोटो पाहिला की मला वाटतं, पुढची बाजू बघितली, आता मागची दाखवा की. ती कुणीच दाखवत नाही.

थांबा, त्यावर येतेच. आधी सोपं उरकून टाकू.

कागद जाड घ्या, 250 ते 300 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा. आकार ए-6, म्हणजे 105 बाय 148 मिलिमीटर. ए-4 कागदाचे दोनदा अर्धे केले की चार कार्डं निघतात, संपलं. परदेशात पाठवायचं असेल तर जागतिक टपाल संघटनेच्या नियमात कमीत कमी 90 बाय 140 आणि जास्तीत जास्त 120 बाय 235 मिलिमीटर हे माप बसतं, आणि लांबी रुंदीच्या साधारण 1.4 पट तरी हवी. म्हणजे चौरस कार्ड दिसतं गोड, पण नियमात बसत नाही आणि बऱ्याच देशांत त्याला जादा तिकीट लागतं. गोल कार्डाबद्दल विचारणाऱ्यांनो, पाकीट वापरा. रंग कुठलेही, जलरंग, शाई, कोलाज म्हणजे कागद कापून चिकटवलेलं चित्र, लिनोचा म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला ठसा, काहीही. जलरंगानं कागद वाकला तर उलट्या बाजूनं किंचित ओला हात फिरवा आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवा. चारकोल किंवा पेस्टल असेल तर फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग धरून ठेवणारा फवारा, मारा, नाहीतर समोरच्याला चित्र नाही, काळी बोटं मिळतील. झालं. एवढं तुम्हाला येतंच.

आता मागची बाजू.

(कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. हे मला आलेलं कार्ड आहे. नाव आणि पत्ता झाकलाय मी, त्या पट्टीकडे लक्ष देऊ नका. पुढे मांजर आहे, लिनोचा ठसा, झकास काम. आणि मागे? मागेही मांजरंच! पूर्ण बाजूवर फिकट निळ्या रंगात छोट्या छोट्या मांजरांचा नमुना, त्यावर पांढऱ्या जेल पेननं पत्ता, पत्त्याभोवती वेलबुट्टी, आणि तिकीट कुठंय? तिकीट खालच्या डाव्या कोपऱ्यात, कारण वरच्या उजव्या कोपऱ्यात चंद्र काढलाय. हे कार्ड माझ्यापर्यंत आलं यात पाठवणाऱ्याची काहीही कामगिरी नाही. कुठल्यातरी पोस्टमननं डोळे फोडून वाचलंय ते. त्याला माझा नमस्कार.

नियम साधा आहे. मागच्या बाजूचा उजवा अर्धा भाग टपालाचा. पत्ता, तिकीट, शिक्के, त्यांचे लेबल, सगळं तिथे. डावा अर्धा तुमचा, तिथे लिहा, काढा, नाचा. आणि हा नियम कुणी तुमची कला दाबायला केलेला नाही. उलट डावा अर्धा आपल्याला मिळाला तोच उशिरा. पहिलं अधिकृत पोस्टकार्ड निघालं 1869 मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीत. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं एक पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी असायची. चित्राची कार्डं आली तेव्हा लोक चित्राच्याच कडेला, आभाळात, समुद्रावर बारीक अक्षरात मजकूर कोंबायचे, जुनी कार्डं बघा कुठे मिळाली तर. मग ब्रिटननं 1902 मध्ये आणि अमेरिकेनं 1907 मध्ये मागची बाजू मधोमध वाटून लिहायला परवानगी दिली. म्हणजे मधली ती उभी रेघ हा आपला फायदा आहे. तुम्ही तीच पुसून टाकताय.

बरं, नियम म्हणून पटत नसेल तर दुसऱ्या बाजूनं सांगते. मशीनच्या बाजूनं. बऱ्याच देशांत तुमचं कार्ड आधी माणसाच्या हातात जातच नाही. पट्ट्यावरून सुसाट धावतं, कॅमेरा त्याचा फोटो काढतो, पत्ता वाचायचा प्रयत्न करतो आणि खालच्या कडेला बारीक रेघांचा कोड छापून मोकळा होतो. त्या कॅमेऱ्याला तुमच्या वेलबुट्टीत आणि अक्षरात फरक कळायला हवा ना! फिकट कागद, गडद शाई, सुटी सुटी अक्षरं, एवढंच मागणं आहे त्याचं. खालच्या कडेला बोटभर जागा कोरी सोडा, तो कोड तिथे येणार. नाहीतर तो तुमच्या नक्षीवर छापला जाणार आणि मग कुणालाच वाचता येणार नाही, ना मशीनला, ना माणसाला.

आणि एक गंमत. तुमचा स्वतःचा पत्ता तुम्ही कुठे लिहिता? बरेच जण डाव्या अर्ध्या भागात, समोरच्याच्या पत्त्याइतक्याच मोठ्या अक्षरात, अगदी शेजारी शेजारी लिहितात. मशीनला काय कळणार कोण कुणाला पाठवतंय? ते वाचतं जो सापडेल तो. ‘ताई, माझं कार्ड आठवड्यानं माझ्याच दारात आलं’ अशी कमेंट केली होतीत ना कुणीतरी, खाली सगळ्यांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. ते असं होतं. आपला पत्ता वर डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, एका ओळीत लिहा. परदेशी पाठवताना देशाचं नाव सगळ्यात खालच्या ओळीत, मोठ्या रोमन अक्षरांत.

तिकिटाचं काय होतं तेही बघा. ॲक्रिलिक रंग मारलेला पृष्ठभाग म्हणजे प्लास्टिकची पातळ साय. त्यावर तिकिटाचा गोंद नीट धरत नाही, प्रवासात घासलं की तिकीट सुटतं. वार्निश असेल तर विचारूच नका. आणि शिक्क्याची शाई गुळगुळीत जागी वाळत नाही, पसरते, मग पुढच्या कार्डाच्या पाठीवर तुमचा शिक्का उमटतो. म्हणून वरचा उजवा कोपरा कोरा कागदच हवा. नुसता दिसायला कोरा नाही हां. जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा तो पांढरा थर, नाही, रंग नाही, टेप नाही, काही नाही. तुम्ही म्हणाल पांढरा रंग दिला तर चालेल का, दिसतो कोराच. नाही चालणार! आत्ताच सांगितलं ना.

ॲक्रिलिकवरून आठवलं. ही कार्डं एकमेकांना चिकटतात. वाळल्यासारखी वाटतात, बोटाला काही लागत नाही, पण गठ्ठ्यात दाब आणि उष्णता मिळाली की मऊ पडतात आणि शेजाऱ्याला धरून बसतात. काही दिवस उघड्यावर वाळू द्या आणि मग चित्राच्या बाजूनं मेणाचा अगदी पातळ हात देऊन मऊ कापडानं घासा. चित्राच्या बाजूनं! मागच्या बाजूला मेण लावलंत तर ना शाई बसेल ना तिकीट, आणि मग परत कमेंटमध्ये माझ्याशी भांडाल.

पेटीत टाकण्याआधी एक चाचणी करा. आधी कोरडा अंगठा पत्त्यावरून जोरात ओढा. मग किंचित ओला. (दाखवते) हे बघा, जेल पेन, गेलं. हे बॉलपेन, जागचं हललं नाही. मग कार्ड हलकेच वाकवून सोडा. काही टवका उडाला, कोपरा उचलला, की ते घरीच उडालं म्हणून आनंद माना आणि परत चिकटवा.

चिकटवण्याबद्दल एवढंच की कागद किंवा तितकंच पातळ काही असेल आणि ते कडेपर्यंत पूर्ण चिकटलेलं असेल तर पोस्टकार्डावर चालतं. बटणं, दोरे, वाळकी पानं, टिकल्या, धातूचे तुकडे हे सगळं पाकिटात. मशीनमध्ये बटण अडकलं तर तुमचंच नाही, मागून येणारी लोकांची पत्रंही फाटतात. आणि चमकी तर पाकिटातही नको. ती मिळालेल्या माणसाच्या घरातून वर्षभर जात नाही, माझ्या टेबलावर अजून आहे.

आता तिसरी बाजू, जी मला खरं तर सगळ्यात जवळची. तुम्हाला वाटतं उजवा अर्धा सोडला म्हणजे कलेची जागा गेली. अहो, मेल आर्टमधली गंमतच तिथे आहे! बेन वोतिए नावाचा कलाकार होता. त्यानं 1965 मध्ये एक पोस्टकार्ड केलं, ज्याच्या दोन्ही बाजू पत्त्याच्याच. चित्रबित्र काही नाही. दोन्हीकडे वेगवेगळा पत्ता लिहायचा, दोन्हीकडे तिकीट लावायचं आणि पेटीत टाकायचं. कुठे पोचवायचं ते पोस्टमननं ठरवायचं. एक थेंब रंग न लावता आख्खं टपालखातं कामाला लावलं त्यानं. आणि दुसरा कलाकार ओन कावारा. 1968 ते 1979 या काळात हा माणूस रोज दोन पोस्टकार्डं पाठवायचा. बाजारात मिळणारी, पर्यटकांची कार्डं. त्यावर रबरी शिक्क्यानं आज मी किती वाजता उठलो, एवढंच. तारीख, वेळ, पत्ता. आज ती कार्डं संग्रहालयांत आहेत. जे आहे ते सगळं मागच्या बाजूलाच आहे!

तेव्हा पत्ता सुंदर अक्षरात लिहा ना. तिकीट चित्राच्या रंगाला जुळणारं शोधा, काउंटरवर विचारलं तर दोन-चार प्रकार दाखवतात, मागे लोक खोळंबलेले नसतील तर. शिक्का कुठे पडेल हे आपल्या हातात नाही, पण तो पडायला जागा ठेवणं हातात आहे. म्हणूनच कार्ड पाकिटात घालून पाठवू का, हा प्रश्न आला की माझा जीव थोडा खालीवर होतो. नाजूक असेल तर घाला, हरकत नाही. पण उघडं आलेलं कार्ड, दुमडलेला कोपरा, तिरका शिक्का, कुणीतरी पेन्सिलीनं केलेली खूण, हे सगळं पाकिटातल्या गुळगुळीत कार्डाला कुठून येणार?

आता तुमच्यापैकी काहींचा एक वेगळाच हिशेब चाललेला असतो. ‘मी तीन दिवस घालून जलरंगात पक्षी काढला आणि मला बदल्यात मासिकातलं कापून चिकटवलेलं आलं. हे बरोबर आहे का?’ बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. मेल आर्टचं नाव घेतलं की ज्याचं नाव पहिलं येतं तो रे जॉन्सन, कोलाजवालाच होता. हा लोकांना अर्धवट कागद पाठवायचा, यात भर घाला आणि परत पाठवा, किंवा पुढे अमक्याला धाडा. कुणी रेघ ओढायचं, कुणी शिक्का मारायचं, कुणी नुसतं फाडून द्यायचं. तिथे मोजमाप नव्हतं. मेल आर्टच्या प्रदर्शनांची रीतही तशीच आहे, निवड नाही, प्रवेश फी नाही, आलेलं सगळं लावायचं, कामं परत करायची नाहीत आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याची नोंद पाठवायची. तुम्हाला तोलामोलाचा व्यवहार हवा असेल तर जरूर करा, पण आधी बोलून घ्या. माध्यम काय, आकार काय, कधीपर्यंत टाकायचं. न बोलता मनात वजनकाटा ठेवून बसायचं आणि मग रुसायचं, हे नको.

आणि ‘माझं चित्र काही खास नसतं’ म्हणणाऱ्यांना मी काही बोलणार नाही. कावाराचं आत्ताच सांगितलंय.

हां, एक मात्र गंभीरपणे. मिळालेल्या कार्डाचा फोटो टाकताना परत तीच मागची बाजू! कौतुकानं दोन्ही बाजूंचे फोटो टाकता आणि समोरच्याचं नाव, घर, पिनकोड सगळ्या जगाला दिसतं. परवा एकीनं टाकला होता, मी मेसेज करून काढायला लावला. फोटोवर बोटानं खरडून पुसल्यासारखं करू नका, अर्धपारदर्शक ब्रशखालून सगळं वाचता येतं. सरळ कागदाची पट्टी ठेवा आणि मग फोटो काढा. आणि स्वतःचं कार्ड पाठवायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, कारण ते परत तुमच्या हातात येणार नाहीये.

शेवटचा प्रश्न, स्वतः केलेली तिकिटं लावली तर चालतात का? कलाकारांची तिकिटं हा मेल आर्टमधला मोठा लाडका प्रकार आहे, लोक कडेची भोकंसुद्धा पाडतात. लावा, पण डाव्या अर्ध्या भागात, आणि खऱ्या तिकिटाची नक्कल वाटेल असं काही नको. किंमत छापू नका, देशाचं नाव छापू नका. खरं तिकीट त्याच्या जागी, पूर्ण किमतीचं. खोडरबर कोरून अशा तिकिटांसाठी ठसा कसा करायचा ते पुढच्या व्हिडिओत दाखवते. ब्लेड नवीन आणून ठेवा, आणि अक्षरं कोरणार असाल तर ती आरशात धरून उलटी लिहायचा सराव आत्तापासून सुरू करा.