एक सेंटिमीटरचा फरक

हैतीचे ढोल म्हटलं की सगळे लयीबद्दल बोलतात. सुराबद्दल कोणी विचारत नाही. मी विचारायला लागलो ते तिथल्या रारा नावाच्या मिरवणुकांमुळे. लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासाच्या, दिवसांत ईस्टरपर्यंत त्या रस्त्यांवरून नाचत जातात. त्यात बांबूचे भोंगे असतात, वाक्सिन नावाचे. एका वाक्सिनमधून मुख्यतः एकच सूर निघतो, म्हणून तान तीन-चार जणांत वाटून घ्यायची: याचा सूर, मग त्याचा, मग तिसऱ्याचा. वर काठीने त्याच बांबूवर ठेकाही धरायचा! हे सूर पेटीच्या पट्ट्यांवर बसलेच पाहिजेत असं बंधन नाही. भोंगे आपापसात जमले की झालं.

हैतीच्या ढोलांबरोबर असे पट्ट्यांमधले सूर मैफलीत वाजवायला मी बांबूऐवजी लोखंडी पाईप घेतले, कारण मला फुंकायचं नव्हतं, बडवायचं होतं. तिथे ओगान हे लोखंडी वाद्य ठेका धरून ठेवतं, म्हणजे लोखंड काही परकं नव्हे. आता गंमत बघा. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात; पेटीच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर असतं. ६० सेंटिमीटरचा पाईप एक सेंटिमीटर कापला, की त्याचा सूर जवळपास ५८ सेंट चढतो. तेवढ्याच लांबीच्या भोंग्याचा चढेल २९च्या आसपास. भोंग्यात हवा वाजते, तिथे सूर लांबीच्या व्यस्त प्रमाणात. पाईपचा धातूच वाजतो, तिथे लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. म्हणून शेवटी करवत बाजूला ठेवून कानस हातात घ्यायची. टांगायचा तो टोकापासून साडेतेरा सेंटिमीटरवर भोक पाडून. मध्यावर बांधलात तर नुसतं ‘ठक्’.

पहिल्या खेपेला मी हावरटपणा केला. बावीस श्रुती, बावीस पाईप! ऐकायला छान, पण लय मेली. कान सुराच्या मागे धावत सुटला आणि पाय थांबले. आता पाचच आहेत, पाच जणांत वाटलेले, एकेकाला एकच.

रादा ढोलांशी, म्हणजे हैतीच्या वोदू धर्मातल्या रादा विधींच्या ढोलांशी, मात्र मी छेडछाड केली नाही. तीन ढोल असतात: बुला सर्वांत लहान, तो ठेका धरून बसतो; सेगों मधला; आणि सर्वांत मोठा मानमान, म्हणजे आई. मानमानवर एक हात आणि एक काठी. कातडं दाबलं, काठावर मारलं, बोट घासलं की सूर सरकतो. सूक्ष्म स्वर, म्हणजे पट्ट्यांमधले सूर, तिथे आधीच आहेत, मी काय घालणार? यानवालू या रादा नाचाच्या बारा मात्रांच्या आवर्तनात पाईप स्थिर ठेवले आणि सरकणं मानमानवर सोडलं.

मग येतो ‘कासे’, म्हणजे तोडणं. मानमान चालू ठेका एकदम मोडतो, आणि विधीत नाचणाऱ्याच्या अंगात लोआ, म्हणजे दैवत, येण्याशी या मोडण्याचा संबंध मानतात. तो मोड मी मैफलीसाठी उचलून सजवावा का, हा प्रश्न मला पडला. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला वोदूविरुद्धच्या चर्चच्या मोहिमेत तिथले ढोल जाळले गेले होते. वोदूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली २००३ साली. तर मी अंगात येण्याच्या कासेची नक्कल करत नाही. त्या जागी पाचही पाईप हाताने धरून मुके करतो, आणि मानमान एकटा उरतो. किती वेळ, ते वाजवणारा ठरवतो. परवाच्या तालमीत त्याने इतका वेळ घेतला की आमचा दुसऱ्या पाईपवाला परत आलाच नाही. ऐकत उभा राहिला होता.