खेळाच्या तासाला गणित

श्रोतेहो, नमस्कार.

चाचणी परीक्षा झाली की शिक्षकखोलीतल्या फळ्यावर एक यादी लागते. वर ‘जादा तास’ असं लिहिलेलं, खाली पंधरा-वीस नावं आणि सगळ्यात शेवटी वेळ. ही वेळ आणायची कुठून, हा दरवर्षीचा घोळ. भाषेवाले आपला तास सोडत नाहीत, विज्ञानवाले तर अजिबातच नाहीत. मग गदा येते ती खेळावर, चित्रकलेवर, नाहीतर नाटकाच्या तालमीवर. मी गणित शिकवायचे आणि कितीतरी वर्षं हेच करत आले. यादीतल्या पोरांना मैदानावरून हाका मारून वर्गात आणून बसवायचं. त्यात काही चुकतंय असं कधी मनातसुद्धा आलं नाही.

एका वर्षी त्या यादीत नववीतला एक मुलगा होता. शाळेच्या नाटकात दिव्यांचं काम त्याच्याकडे होतं. कोणत्या वाक्याला कोणता दिवा लावायचा, किती सेकंदांत मंद करायचा, हे सगळं त्याने एका वहीत टिपून ठेवलं होतं. मी ती वही काढून घेतली आणि त्याच्यापुढे अपूर्णांकांच्या बेरजा ठेवल्या. दिवे दुसऱ्या मुलाने सांभाळले. हा जादा तासाला यायचा, बसायचा, खिडकीबाहेर बघायचा. पुढच्या चाचणीत गुण होते तेवढेच.

वही माझ्या कपाटातच राहिली होती. महिन्याभराने परत द्यायच्या आधी चाळली. एका पानावर लिहिलं होतं, ‘तीन पूर्ण, दोन अर्ध्यावर, एक पाव. एकूण सव्वाचार.’ फ्यूज उडू नये म्हणून तो भाराचा अंदाज काढत होता. बेरीज बरोबर होती. ज्या गणितात तो कच्चा आहे म्हणून मी त्याला नाटकातून काढलं, तेच गणित तो नाटकात करत होता!

आता तुम्ही म्हणाल, बाई, हा एखाद्या शाळेतला प्रकार. तर नाही. 1984 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने याचा कायदाच केला. एकाही विषयात सत्तरपेक्षा कमी गुण पडले तर सहा आठवडे खेळ, वाद्यवृंद, नाटक सगळं बंद. हेतू वाईट नव्हता. पोरांनी आधी अभ्यास करावा, एवढंच म्हणणं. पुढे 1995 मध्ये ही मुदत तीन आठवड्यांवर आणावी लागली. आपल्याकडे कायदा नसला तरी घराघरांत हा नियम आहेच. ‘गुण कमी पडले ना, आता क्रिकेट बंद.’

पण शाळा सोडण्याच्या काठावर कोण असतं? ज्याला सकाळी उठून शाळेत जाण्याचं एकही कारण सापडत नाही, तो. जोसेफ महोनी आणि रॉबर्ट केर्न्स या दोन अभ्यासकांनी 392 मुलामुलींचा सातवीपासून बारावीपर्यंत माग ठेवला आणि 1997 मध्ये निष्कर्ष मांडले. शाळा अर्धवट सोडण्याचा धोका ज्यांना सगळ्यात जास्त होता, त्यांच्यातली जी मुलं एखाद्या उपक्रमात होती, त्यांचं गळतीचं प्रमाण बरंच कमी निघालं. हुशार मुलांत हा फरक फारसा दिसला नाही. ती तशीही टिकणारच होती. मुळात चिकाटीची मुलंच उपक्रमांत जात असतील, ही शंका रास्त आहे, आणि अशा अभ्यासातून ती पूर्ण फिटत नाही. तरीही ज्याला शाळेशी बांधून ठेवणारी एकच दोरी उरलीय, त्याची तीच दोरी आपण शिक्षा म्हणून कापायची, हे काही मला पटत नाही.

याचा अर्थ जादा तास नकोत असा नाही. हवेतच. पण त्या तासाला आपण करतो काय? सकाळी जे समजलं नाही तेच दुपारी जरा मोठ्या आवाजात सांगतो. मुलं मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं, झालं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हापुन्हा वाचलं की धडा ओळखीचा वाटतो, आणि ओळख म्हणजेच पाठ अशी आपली समजूत होते. तेव्हापासून माझ्या जादा तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद. काल काय केलं ते कोऱ्या कागदावर लिहायचं. चुकलं तरी चालेल, त्याला गुण नाहीत. सुरुवातीला पोरं वैतागली. हरकत नाही.

आणि काही मुलांची अडचण अभ्यासात नसतेच. विल्यम प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी 1896 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितं करायचा, पण छापलेले शब्द काही केल्या वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकांचं म्हणणं असं होतं की शिक्षण सगळं तोंडी असतं तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. वाचनातल्या अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात, आणि हा शब्द आज आपल्या कानावरून गेलेला आहे. तरीही एखादं मूल शाब्दिक उदाहरणात अडलं की ‘याचं गणित कच्चं’ असा शिक्का बसतो. मी एक करून बघते. उदाहरण मी मोठ्याने वाचून दाखवते आणि मग सोडवायला सांगते. सुटलं, तर दुखणं गणिताचं नाही. मग पुढची तपासणी करायला तज्ज्ञ हवा. तो शिक्का मारायचा अधिकार आपला नव्हे.

एक गोष्ट मात्र मी उशिरा शिकले. शिकवल्याशिवाय नीट शिकून होत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवून घेतलं, आणि पुढे ही पद्धत जगभर गेली. तिच्यात घोकंपट्टी फार होती आणि एका मास्तरात शेकडो पोरं उरकायचा हिशेबही होता, ते सोडून देऊ. पण 1982 मध्ये अशा 65 कार्यक्रमांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा शिकणाऱ्या मुलांचा फायदा झालेला दिसलाच, शिकवणाऱ्यांचाही झालेला दिसला. आपण मात्र शिकवायला नेहमी पहिल्या नंबरची मुलगी उभी करतो. तिला दुसऱ्याचं कुठे अडतं ते कळत नाही, कारण तिचं स्वतःचं तिथे कधी अडलेलंच नसतं.

म्हणून पुढच्या वर्षी त्या दिवेवाल्या मुलाला मी पाचवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला धाडलं. तो दिवे मंद करायची पेटीच उचलून घेऊन गेला. बटण फिरवून पाव, अर्धा, पाऊण दाखवू लागला. एका चिमुरडीने विचारलं, ‘दादा, दोन पाऊण दिवे मिळून किती?’ तो थांबला. कागद मागून घेतला. मग म्हणाला, ‘दीड.’ आणि दोन्ही दिवे लावले. त्या वर्षी गणितात त्याचे गुण वाढले ते सहा. फार नाहीत, पण तास मात्र त्याने एकही चुकवला नाही.

आता पालकांकडे येते. पालकसभेला आई-वडील मुलांच्या बाकांवर अवघडून बसतात, गुण ऐकतात, सही करतात आणि जातात. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एप्स्टाइन यांनी घर, शाळा आणि परिसर यांच्या सहकार्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. निरोप कळवणं हा त्यातला फक्त एक. शाळेच्या कामाला हातभार लावणं आहे, निर्णयात भाग घेणं आहे, परिसराला जोडून घेणं आहे. बहुतेक शाळांची गाडी निरोपापुढे सरकत नाही, आणि निरोपही तक्रारीचाच असतो. शाळेतून फोन आला की आईच्या पोटात गोळा येतो. हे आपणच करून ठेवलंय.

इंग्लंडात केंब्रिजशरचे शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस यांनी 1924 मध्ये एक टिपण लिहिलं. शाळेची इमारत फक्त मुलांसाठी कशाला? दिवसा मुलं शिकतील, संध्याकाळी तिथेच मोठी माणसं. ग्रंथालय एकच, सभागृह एकच. 1930 मध्ये सॉस्टन इथे असं पहिलं ग्रामविद्यालय उभं राहिलं.

आमच्याकडे इमारत नवी नव्हती आणि पैसेही नव्हते. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळा उघडी ठेवायची, एवढंच ठरवलं. कार्यक्रम काय करायचा यावर कोणी फार बोललं नाही. सगळा वाद किल्लीवर झाला. कुलूप कोण लावणार, झाडून कोण घेणार, काही फुटलं तर भरून कोण देणार? तीन बैठका यातच गेल्या. शेवटी एक वीजतंत्री पालक म्हणाले, ‘मी तसाही मुलाला न्यायला येतो, तोवर थांबेन.’ तेच हळूहळू दिव्यांचं काम शिकवू लागले. कोणाची आजी ग्रंथालयात धाकट्यांचं वाचन ऐकत बसते. ती चुका काढत नाही, नुसती ऐकते. मला वाटतं, म्हणूनच पोरं तिच्याजवळ जास्त वाचतात.

जादा तासांची यादी अजूनही लागते. पण वेळ लिहायच्या आधी खेळाच्या सरांना विचारावं लागतं, आणि ते सहसा नाही म्हणतात. किल्लीही आता त्यांच्याकडेच असते. साडेसातला कुलूप लावायचं ठरलंय. परवा आठ वाजून गेले, कारण आत बुद्धिबळाचा एक डाव संपत नव्हता. एका बाजूला सातवीतली मुलगी, दुसऱ्या बाजूला शाळेमागे राहणारे एक निवृत्त गृहस्थ. सर दारात किल्ली हातात धरून उभे होते, आणि मुलीला घोडा कुठे हलवायचा ते डोळ्यांनी सुचवत होते.

नमस्कार.